वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यातील उबवणी आणि टरफलाचा रंग

प्रश्न : आमच्या परसात गावठी कोंबड्या आणि कडकनाथची एक जोडी आहे. जुलैमध्ये पंखा असलेल्या लहान उबवणी यंत्रात बारा अंडी ठेवली आणि पाण्याची तबकडी पहिल्या दिवसापासून भरलेली ठेवली. तीनच पिल्ले बाहेर आली. उरलेल्या बहुतेक अंड्यांत पूर्ण वाढलेली, पण मेलेली पिल्ले निघाली. चूक कोठे झाली? शिवाय निळी-हिरवी अंडी देणारी कोंबडी घरी तयार करता येईल का? कडकनाथचे अंडे काळे असते असे विक्रेत्याने सांगितले होते, पण आमची कोंबडी फिकट बदामी अंडी घालते. तिचे खाद्य बदलावे का? (एक वाचक भगिनी, डिचोली)

उत्तर : पूर्ण वाढ झालेले पिल्लू टरफलातच दगावणे ही उबवणीतील सर्वांत जिवाला लागणारी गोष्ट आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. आपल्या वर्णनावरून दोष बहुधा पाण्याच्या तबकडीचा आहे. उबवणीच्या काळात अंड्यातील काही ओलावा बाहेर जावाच लागतो, कारण त्यामुळे बोथट टोकाकडील हवेची पोकळी वाढते आणि पिल्लू टरफल फोडण्यापूर्वी आपला पहिला श्वास त्या पोकळीतच घेते. ती लहान राहिली तर ते तिथेच गुदमरते. गोव्यात जुलैमध्ये बाहेरची हवा 28 अंश तापमानाची आणि 85 टक्के आर्द्रतेची असेल, तर तीच हवा यंत्रात 37.5 अंशांपर्यंत तापल्यावर तिची आर्द्रता आपोआप 50 टक्क्यांच्या आसपास येते. पहिल्या अठरा दिवसांसाठी तेवढी पुरेशी असते, म्हणून पावसाळ्यात तबकडी कोरडी ठेवावी. पाणी अठराव्या दिवशी घालावे, आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांवर न्यावी, त्याच दिवसापासून अंडी फिरवणे थांबवावे आणि पिल्ले बाहेर येईपर्यंत झाकण उघडू नये. डिसेंबर-जानेवारीत मात्र हवा कोरडी असल्याने पहिल्या दिवसापासून पाणी लागते.

अंदाजावर विसंबू नये. स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाटा यासाठी पुरेसा आहे : 50 ग्रॅमचे अंडे अठराव्या दिवसापर्यंत साधारण सहा ग्रॅमने हलके व्हायला हवे. त्याहून फारच कमी घट दिसली, तर यंत्रात ओल जास्त आहे असे समजावे. सातव्या रात्री अंधारात टॉर्च लावून पाहिल्यास जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा आणि मध्ये हलणारा ठिपका दिसतो.

आता रंगाविषयी. टरफलाचा रंग कोंबडीच्या आनुवंशिकतेतून येतो, खाद्यातून नाही. खाद्याने बलक पिवळाधमक होईल, टरफल निळे होणार नाही. कडकनाथची कातडी, मांस आणि हाडेदेखील काळसर असतात, परंतु टरफल फिकट बदामीच असते. मध्य प्रदेशातील झाबुआच्या या कोंबडीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तिचा बोलबाला वाढला आणि काळ्या अंड्याची दंतकथाही पसरली. आपली कोंबडी अस्सल नाही, असा अर्थ त्या अंड्यावरून मुळीच काढू नये.

गावठी आणि कडकनाथ यांच्या संकरातूनही निळे अंडे मिळणार नाही, कारण निळ्या रंगाचे जनुक दोन्हींत नसते. ते चिलीतील मापुचे लोकांनी पाळलेल्या कोंबड्यांच्या वंशात आढळते. अरौकाना ही त्यांतील प्रसिद्ध जात. हे एकच प्रभावी जनुक आहे, म्हणजे त्याची एक प्रत असली तरी रंग उमटतो, हे पनेट या शास्त्रज्ञाने 1933 मध्ये दाखवले, आणि एका विषाणूचा तुकडा कोंबडीच्या गुणसूत्रात शिरल्याने ते निर्माण झाले, हे 2013 मध्ये उघड झाले. तपकिरी अंडे फोडले तर टरफल आतून पांढरे दिसते, कारण तो रंग अंडे घालण्यापूर्वीच्या शेवटच्या काही तासांत वरून चढतो. निळा रंग मात्र टरफलात आरपार मुरलेला असतो. निळ्यावर तपकिरी थर चढला की अंडे हिरवे दिसते.

जनुकाच्या दोन्ही प्रती निळ्या असलेला कोंबडा मिळाला, तर त्याच्या आणि गावठी कोंबड्यांच्या सर्व माद्या निळसर किंवा हिरवट अंडी देतील. एकच प्रत असेल, तर निम्म्याच देतील. कोंबडा अंडी घालत नसल्याने त्याची पारख कठीण असते. हे जनुक वाटाण्याच्या शेंगेसारख्या बुटक्या तुऱ्याच्या जनुकाच्या अगदी जवळ असल्याने तसा तुरा असलेली पिल्ले निवडण्याची पद्धत आहे, परंतु कळपात असील ही झुंजीच्या कोंबड्यांची जात असेल, तर ही खूण फसवते, कारण असीलला तो तुरा निळ्या रंगाविनाच असतो. गडद तपकिरी रंग अनेक जनुकांवर अवलंबून असल्याने तो संकरात फिका पडतो आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड करूनच टिकवावा लागतो. मादी पहिले अंडे पाच-सहा महिन्यांनी घालते, म्हणून प्रत्येक पिल्लाच्या पायात रंगीत कडे घालून आई-बापाची नोंद वहीत ठेवावी.

परदेशातून उबवणीची अंडी परस्पर मागवू नयेत. त्यासाठी परवानगी आणि विलगीकरणाचे नियम आहेत. देशातच कोणाकडे असा कळप असेल, तर पिल्ले घेण्यापूर्वी त्यांच्या आईने घातलेले अंडे हातात घेऊन पाहावे आणि शक्य झाल्यास एक फोडून टरफल आतूनही निळे आहे का ते तपासावे.

प्रश्न : वीज सारखी जाते. यंत्राऐवजी खुडूक कोंबडी वापरावी का? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : अवश्य वापरावी. मध्यम आकाराच्या गावठी कोंबडीखाली दहा-बारा अंडी मावतात. ऊब, ओलावा आणि अंडी फिरवणे हे सारे ती स्वतः सांभाळते. सात दिवसांपेक्षा जुनी अंडी मात्र तिच्याखाली ठेवू नयेत, आणि तिला रात्री, अंधारात बसवावे. दिवसा बसवलेली कोंबडी पुष्कळदा उठून आपल्या जुन्या जागेकडे जाते.