फोन काढून घेऊ का, मॅडम?

मी समुपदेशक. माझ्याकडे घाबरून आलेल्या पालकांचा पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो. मुलीचा फोटो पसरवायची कुणीतरी धमकी देतंय हे घरात कळलेलं असतं, आणि फोन तोवर बाबांच्या खिशात गेलेला असतो. नागपुरातल्याच एका घरातलं सांगते; ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

मुलगी दहावीतली. ट्यूशनमधला एक मुलगा आधी गोड बोलायचा, मग ‘माझ्यावर विश्वास नाही का’ म्हणत नको तसा फोटो मागायचा. नाही म्हटलं की रुसायचा, बोलणंच बंद. एका रात्री तिनं पाठवला. दुसऱ्या दिवसापासून सूर बदलला: आणखी पाठव, नाहीतर हा क्लासच्या ग्रुपवर टाकतो. तिचं जेवण सुटलं, सीताबर्डीला कपडे घ्यायलाही येईना, तेव्हा आईच्या मनात पाल चुकचुकली.

“काहून नाही सांगितलं वं आधी?” आईनं माझ्यासमोरच विचारलं.

“सांगितलं असतं तर तू फोन घेतला असता, अन् बाबांनी ट्यूशन बंद केली असती.”

या एका भीतीच्या जोरावर तो मुलगा तिला नाचवत होता. म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे: फोन काढून घेऊ नका. आधी तिला सांगा, तू सांगितलंस ते बरं केलंस, शिक्षा होणार नाही. हे वाक्य बाबांच्या तोंडून यायला बराच वेळ लागला. ते तर भावाला घेऊन त्या पोट्ट्याच्या घरी निघाले होते. म्हटलं, भाऊ, तुम्ही दार वाजवेस्तोवर तो सगळं डिलीट करून बसेल, नाहीतर रागात फोटो पुढे ढकलेल. मग बसले.

फोन मुलीच्याच हातात दिला. धमकीचे मेसेज, प्रोफाइलचं नाव, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट तिनं स्वतः काढले. चॅट पुसायचं नाही, त्याची एकही मागणी पुरवायची नाही, आणि हे झालं की ब्लॉक. बाबा ‘पुरावा’ म्हणून तो फोटो आपल्या व्हॉट्सॲपवर घेणार होते. थांबवलं. अठरा वर्षांखालच्या मुलांचे अश्लील फोटो पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याच्या कलम ६७-ब खाली गुन्हा आहे. ‘बघ बघ’ करत फॉरवर्ड करणाऱ्या क्लासच्या पोरांनाही तो लागू होतो, पण हे त्यांना कोणी सांगतच नाही.

पोलीस म्हटल्यावर आई रडायलाच लागली. “पोरीचं नाव खराब होईल ना जी!” मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे; त्यात ज्याच्यावर अन्याय झाला त्या लेकराचा जबाब घरी किंवा ते म्हणेल तिथे घेतात, शक्यतो महिला अधिकारी, तीही वर्दीत नाही. नाव माध्यमांत देता येत नाही. शिवाय असं काही कळलं की पोलिसांना कळवणं मलाही बंधनकारक आहे, कलम १९ प्रमाणे. हे मी मुलीलाही सुरुवातीलाच सांगते. मागाहून कळलं तर विश्वास तुटतो. ठाण्याची पायरी चढवत नसेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही अशी तक्रार करता येते. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, सायबर तक्रारीला १९३०.

‘टेक इट डाउन’ ही मोफत सोयही वापरली. फोटो कुठे अपलोड होत नाही. फोनमध्येच त्याची एक डिजिटल खूण तयार होते, आणि इन्स्टाग्राम, फेसबुकसारखी सहभागी ॲप्स त्या खुणेवरून फोटो ओळखून काढून टाकतात. व्हॉट्सॲपच्या बंद ग्रुपांत तिचा उपयोग नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

मुलगाही अल्पवयीन, त्यामुळे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेलं. मुलगी त्याच क्लासला जाते. बदलायचा नाही हे तिनंच ठरवलं. आईची आणि तिची गाडी रुळावर आली आहे. बाबा मात्र अजून तिच्याशी कामापुरतंच बोलतात. पुढच्या वेळी त्यांना एकट्यालाच बोलावलं आहे.