पर्थहून ॲडलेडचा शेवटचा टप्पा कॅरव्हॅनने तीन दिवसांत उरकावा का?

सहा महिन्यांच्या भटकंतीनंतर पर्थ ते ॲडलेड हे सुमारे २,७०० किलोमीटर अंतर कॅरव्हॅन ओढत तीन दिवसांत कापता येईल का, आणि वाटेत पाहण्यासारखे आता काही उरते का, असे आपण विचारले आहे. कापता येईल, पण कृपया तसे करू नका. आम्ही दोघांनी सात महिन्यांच्या प्रवासाअखेर ऑगस्टमध्ये या टप्प्याला नऊ दिवस दिले आणि त्यातला एकही दिवस मला जास्तीचा वाटला नाही.

शेवटच्या टप्प्यात मन आधीच घरी पोहोचलेले असते. इतके महिने रोज सकाळी टायरची हवा नेमाने तपासणारी माणसेही ‘आता काय, आलोच’ म्हणून गाडीत बसतात. वाटेतल्या बॅलाडोनिया या थांब्याच्या पुढे १४६.६ किलोमीटरचा एकही वळण नसलेला रस्ता लागतो, तो कायगुना या थांब्याला संपतो. तिथे उतरल्यावर मी नेहमीप्रमाणे कॅरव्हॅनच्या दोन्ही चाकांच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हाताची पाठ लावून पाहिली. उजवा हब कोमट होता, डाव्याला मात्र हात टेकवेना. इतक्या सरळ रस्त्यावर ब्रेक फारसा लागलेलाच नसतो, त्यामुळे चाकाचे बेअरिंग जात आहे हे लगेच लक्षात आले. सुट्या बेअरिंगचा जोड आणि ग्रीसचा डबा आमच्याकडे होता. शेजारी थांबलेल्या एका वृद्ध कॅरव्हॅनवाल्या गृहस्थांनी माझ्या पतींना मदत केली आणि दोन तासांत काम झाले. आम्ही न थांबता पुढे गेलो असतो, तर चाक कुठे निखळले असते याचा विचार मला आजही करवत नाही. प्रत्येक थांब्यावर हबला हात लावून पाहाच, आणि हा जोड जवळ ठेवा.

नॉर्समन ते पोर्ट ऑगस्टा हा सुमारे १,६६० किलोमीटरचा महामार्ग एडवर्ड जॉन एअर या प्रवाशाच्या नावाने ओळखला जातो. १८४१ मध्ये वायली या आदिवासी सोबत्यासह त्याने हा किनारा उलट दिशेने, पाण्याच्या शोधात अक्षरशः जिवावर उदार होऊन पार केला. पाण्याची टंचाई इथे आजही आहे. रोडहाऊसवर, म्हणजे महामार्गावरच्या पेट्रोल-जेवणाच्या थांब्यावर, पाण्याची टाकी भरून मिळेल असे गृहीत धरू नका, नॉर्समनलाच भरून घ्या.

वेळेचे गणितही आधी समजून घ्या. कायगुनापासून दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सीमेपर्यंत घड्याळ पर्थच्या पाऊण तास पुढे लावतात आणि सीमा ओलांडली की आणखी पाऊण तास, तिथल्या उन्हाळ्यात त्याहून एक तास अधिक. पूर्वेकडे जाताना दिवस असा हातातून निसटतो, रोडहाऊसचे स्वयंपाकघर बंद झालेले सापडते आणि मग माणसे संधिप्रकाशात गाडी दामटतात. कांगारू आणि वॉम्बॅट रस्त्यावर येण्याची वेळ नेमकी तीच. आम्ही चार वाजता थांबत असू.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या सेडुना गावाच्या तपासणी नाक्यावर फळमाशीच्या भीतीने ताजी फळे आणि टोमॅटो, मिरच्यांसारख्या भाज्या काढून घेतात, शिजवलेले अन्न मात्र चालते. म्हणून आदल्या संध्याकाळी मी उरलेल्या वांग्यांचे भरीत केले आणि टोमॅटो-मिरच्या उसळीत घालून संपवल्या. नाक्यावरच्या बाईंनी फ्रिज उघडून नीट पाहिला आणि भरिताचा डबा परत आत ठेवला.

पाहण्यासारखे काय उरते, याचे उत्तर एका ठिकाणापुरते द्यायचे तर मी हेड ऑफ बाइट या समुद्रकाठच्या ठिकाणाचे नाव घेईन. साधारण जून ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत सदर्न राइट जातीचे देवमासे तिथे वीण आणि पिल्ले वाढवण्यासाठी येतात. कठड्याशी उभे राहिले की ते खाली अगदी जवळ दिसतात. वारा पडला तेव्हा आईचा उच्छ्वास आम्हाला वरपर्यंत ऐकू आला आणि पिल्लू तिच्या पाठीवर चढून पुन्हा पुन्हा घसरत होते. आम्ही अर्धा तास थांबणार होतो, साडेतीन तास थांबलो. पश्चिमेला पसरलेले ‘बंडा’ नावाचे समुद्रकडे आणि युक्लाजवळ वाळूत गाडले गेलेले १८७७ चे तारघरही जरूर पाहा. झाडे नसलेला म्हणून नावाजलेला नलारबोर मैदानाचा भाग मात्र महामार्गावर थोडाच लागतो, एरवी दोन्ही बाजूंना खुरटी झुडपे आहेतच.

पोर्ट ऑगस्टानंतर ॲडलेड जेमतेम तीनशे किलोमीटर उरते. तरीही तिथे एक रात्र मुक्काम करा आणि सकाळी निघताना शौचालयाची टाकी कॅरव्हॅन पार्कातच रिकामी करून धुऊन घ्या, कारण घरी पोहोचल्यावर ती सोय शोधत फिरावे लागते.