फुटेज सांगलीत, एडिटर नाशकात

प्रश्न : नमस्कार ताई, हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांवर, आम्ही एक छोटी डॉक्युमेंटरी करतोय. दोन सोनी कॅमेरे आणि एक मोबाईल मिळून सहा तासांचं फोर के फुटेज झालंय, जवळजवळ २७० जीबी. एडिट करणारा मित्र नाशकात आहे आणि त्याचा लॅपटॉप जुना आहे. दोघंही प्रीमियर हे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरतो. हार्डडिस्क कुरिअर करू का? प्रॉक्सीबद्दल ऐकलंय पण नीट कळलेलं नाही.
— एक वाचक, सांगली

उत्तर : हार्डडिस्क कुरिअर करू नका, एकच कॉपी असेल तर अजिबातच नको. तुमचं काम प्रॉक्सीने आरामात होईल.

प्रॉक्सी म्हणजे त्याच क्लिपची हलकी कॉपी, एडिट तिच्यावर करायचं आणि शेवटी तिच्या जागी मूळ फाईल जोडायची. तुमचं फुटेज साधारण १०० एमबीपीएसचं आहे म्हणजे तासाला ४५ जीबी, आणि घरच्या नेटला अपलोड २० एमबीपीएस मिळत असेल तर २७० जीबी चढवायला सलग तीस तास लागतील, तेही मध्ये लाईट गेली नाही तर. तेच ७२० पीचे ५ एमबीपीएसचे प्रॉक्सी केले की सगळं मिळून साडेतेरा जीबी, दीड तासात अपलोड. गूगल ड्राइव्हच्या फुकटच्या १५ जीबीतसुद्धा बसेल, फक्त त्यात तुमचे मेल आणि फोटोही मोजले जातात हे बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, फाईलची नावं. कार्ड फॉरमॅट केलं की बऱ्याच कॅमेऱ्यांत नंबर परत पहिल्यापासून सुरू होतो, त्यामुळे तुमच्या दोन्ही कॅमेऱ्यांत सी०००१ नावाची क्लिप असणार, कदाचित दोन दिवसांच्या दोन. माझ्या एका कामात हेच झालं होतं, एडिट लॉक म्हणजे पक्कं झाल्यावर मूळ फाईल जोडायला बसले तर आजींच्या मुलाखतीच्या जागी दुसऱ्या कॅमेऱ्यातला बैलगाडीचा शॉट येऊन बसला, आणि मग दोन रात्री एकेक क्लिप डोळ्यांनी ताडून बघत काढल्या. म्हणून आधी मूळ फाईलींची कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्या, मग प्रत्येक नावापुढे तारीख आणि कॅमेरा लावा, आणि त्यानंतरच प्रॉक्सी बनवा. एकदा बनवल्यावर मूळ नावाला हात लावायचा नाही, तुम्हीही नाही आणि मित्रानेही नाही.

मोबाईलच्या क्लिप वेगळ्या काढा. फोन बहुतेक वेळा बदलत्या फ्रेम रेटने (सेकंदाला किती फ्रेम, तो आकडा) शूट करतो आणि पुढे आवाज ओठांच्या मागेपुढे सरकतो. त्या क्लिप आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधून ठरावीक फ्रेम रेटला करून घ्या, तुमचं बाकीचं फुटेज २५ ला असेल तर २५, आणि आता तीच फाईल मूळ समजायची.

प्रोजेक्ट तुम्हीच सांगलीत उघडा, मूळ फुटेज आत घ्या, सगळ्या क्लिप सिलेक्ट करून क्रिएट प्रॉक्सीज द्या आणि रात्रभर मशीन चालू ठेवा. मग प्रोजेक्ट फाईल आणि प्रॉक्सीचा फोल्डर मित्राला पाठवा. त्याच्याकडे मूळ क्लिप ऑफलाईन दिसतील, दिसू देत, त्याने टॉगल प्रॉक्सीज चालू ठेवायचं, आणि प्रॉक्सी सापडत नसतील तर अटॅच प्रॉक्सीजने परत जोडायचे. काही जण नुसते प्रॉक्सीच मूळ फुटेज म्हणून इम्पोर्ट करायला सांगतात, मला ते पटत नाही, कारण शेवटी फोर के जोडलं की झूम केलेल्या शॉटचा आकार बिघडू शकतो. वेगळ्या रेकॉर्डरचा चार चॅनलचा आवाज मूळ क्लिपमध्येच असेल तर प्रॉक्सीतही चारच चॅनल ठेवा, नाहीतर प्रीमियर ती जोडूनच घेत नाही.

नंतर रोज जायचं यायचं ते फक्त प्रोजेक्ट फाईलने, ती काही एमबीचीच असते. एका वेळी एकानेच काम करायचं आणि नावात तारीख टाकायची. व्हर्जन दोघांचं सेम ठेवा, नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेलं जुन्यात उघडत नाही. मित्राने तुम्हाला रफ कट, म्हणजे कच्चं एडिट, पाठवायचा असेल तर त्याने एक्सपोर्ट करताना यूज प्रॉक्सीज टिक करायचं, नाहीतर मीडिया ऑफलाईनची पाटी येईल. फायनल एक्सपोर्ट मात्र तुमच्याच मशीनवरून.

प्रश्न : कलर आणि स्टॅबिलायझेशन (हलणारे शॉट स्थिर करणं) मित्राने प्रॉक्सीवर करून दिलं तर चालेल का?

उत्तर : नको. दाबलेल्या फाईलमध्ये सावलीतले बारकावे गेलेले असतात आणि फोकस किंचित सुटलाय की नाही हेही कळत नाही, पेवाच्या आतले अंधारे शॉट असतील तर जास्तच. त्याने कट, आवाज, टायटल एवढं करावं, बाकी मूळ फुटेजवर. आणि टायटल मराठीत असतील तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली साउथ एशियन टेक्स्ट इंजिन दोघांच्या मशीनवर निवडा, जोडाक्षरं तुटणार नाहीत, आणि त्याने जो फॉन्ट वापरला असेल तो तुमच्याकडेही टाकून घ्या.