एकाच पातेल्यातलं जेवण, दोघांच्या दोन अंगकाठ्या
वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

मी घरी बसून विड्या वळते, मालक यंत्रमागावर आहेत. दोघं एकाच पातेल्यातलं खातो, उलट ते माझ्यापेक्षा एक भाकरी जास्तच खातात. तरी ते काडीसारखे आणि मी दुसऱ्या बाळंतपणानंतर सुटतच चालले आहे. सासूबाई म्हणतात, तू दिवसभर चरतेस. मी चरत नाही. मग असं का? (पूर्व भाग, सोलापूर)

ताई, आधी दोघांच्या कामाकडे बघू. मागावरचा माणूस पाळी संपेपर्यंत उभा असतो. या मागाकडून त्या मागाकडे जायचं, तुटलेला धागा जोडायचा, कांडी बदलायची, पुन्हा फिरायचं. तुमच्या मांडीवर सूप असतं. पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. बोटं विलक्षण वेगानं चालतात, पण मांड्या आणि पाठ तशीच राहते, आणि शरीराचे मोठे स्नायू तिथेच आहेत. साठ किलोच्या माणसाला बसून हातकाम करताना तासाला साधारण ९० कॅलरी लागतात, उभ्यानं फिरत काम करताना १५०. आठ तासांत फरक पडला ४८० कॅलरींचा. साठ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे २०० कॅलरी असतात. म्हणजे जवळजवळ अडीच भाकऱ्या ते मागावरच जिरवून येतात. शिवाय पुरुषाच्या अंगात स्नायू जास्त असल्यानं नुसतं पडून राहिलं तरी त्यांचं शरीर तुमच्यापेक्षा दोनशेच्या आसपास कॅलरी जास्त वापरतं. एक भाकरी जास्त खाऊनही ते काडीसारखे का, याचा निम्मा हिशेब इथे लागला.

उरलेला निम्मा अवघड आहे. तुमच्याच गल्लीत तितक्याच विड्या वळणारी एखादी बाई सडपातळ असेलच. तिथे काम सारखं, जेवण सारखं, तरी अंगकाठी वेगळी. १९९० मध्ये संशोधक क्लॉड बुशार यांनी एकसारख्या जुळ्या भावांच्या १२ जोड्यांना शंभर दिवसांतले ८४ दिवस रोज हजार कॅलरी जादा खायला घातल्या. कुणाचं वजन सव्वाचार किलोनं वाढलं, कुणाचं तेरा किलोंच्या वर गेलं. पण एका जोडीतल्या दोन भावांची वाढ बरीचशी सारखी निघाली. त्याआधी १९८६ मध्ये डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांच्या अभ्यासात मोठेपणीची अंगकाठी जन्मदात्या आईवडिलांशी जुळली होती, वाढवणाऱ्यांशी नाही. ताटापेक्षा रक्ताचं नातं भारी पडलं.

रक्तातून येतं ते काय? लोकांना वाटतं, बारीक माणसाची ‘भट्टी’ जोरात असते. भट्टीतला फरक असतो, पण मुख्य फरक भुकेत आणि चुळबुळीत असतो. १९९९ मध्ये संशोधक जेम्स लेव्हिन यांनी १६ जणांना आठ आठवडे रोज हजार कॅलरी जास्त दिल्या. काहींच्या अंगावर अर्धा किलोसुद्धा चरबी चढली नाही, काहींच्या चार किलोंहून जास्त चढली. ज्यांच्या अंगावर चढली नाही ते व्यायाम करत नव्हते. त्यांचं शरीर आपोआप जास्त हलत होतं: उठबस, येरझारा, पाय हलवणं, ताठ बसणं. हे कुणी ठरवून करत नाही. भुकेचंही तसंच. २००७ मध्ये एफटीओ नावाचं जनुक सापडलं. त्याची वजन वाढवणारी प्रत आई आणि वडील दोघांकडून आली, तर वजन सरासरी तीन किलो जास्त भरतं, कारण पोट भरल्याचा निरोप मेंदूला उशिरा आणि मवाळ पोचतो. अशी अनेक जनुकं आहेत, प्रत्येकाचा वाटा थोडा. एकाला दोन घासांत ‘बास’ वाटतं, दुसऱ्याला चौथ्या भाकरीनंतरही वाटत नाही. दोघांनाही आपापली भूक तेवढीच खरी असते. म्हणून ‘चरतेस’ हा शब्द अन्यायाचा आहे, आणि तो सासूबाईंनी मागे घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता करायचं काय? मजुरी नगावर मिळते, त्यामुळे ‘दर तासाला उठा’ म्हणणं सोपं आणि पाळणं महाग. त्यापेक्षा उठायची कामं एकदम न उरकता दिवसभर विखरून ठेवा. पानं भिजवणं, पाणी भरणं, कपडे वाळत घालणं, यातलं एकेक काम दर तास-दीड तासाला येऊ द्या आणि बसल्याजागी पोराला हाक मारून पाणी मागू नका. तयार विड्या द्यायला कारखान्यात जाताना रिक्षाऐवजी चालत जा. दोन किलोमीटरला साधारण शंभर कॅलरी लागतात. जेवणात आधी चहा मोजा. म्हशीचं दूध आणि दोन चमचे साखर घातलेल्या एका कपात ८० ते ९० कॅलरी असतात. बैठकीत पाच कप झाले तर दोन भाकऱ्या झाल्या, पोटाला न कळता. साखर अर्धा चमचा करा आणि कप दोन ठेवा.

वय ४८. थायरॉइडची गोळी चालू आहे. दुपारी दोन भाकऱ्या, आमटी आणि चटणी, रात्रीही तेवढंच. बाहेरचं काही नाही. तरी चार वर्षांत नऊ किलो वाढले. गोळीमुळे वाढतंय का? (जुळे सोलापूर)

गोळीमुळे नाही. थायरॉइड मंदावल्यानं वजन वाढतं, पण उपचार न केलेल्या अवस्थेतही ते साधारण दोन ते चार किलो असतं आणि त्यातला बराच भाग अंगात साठलेलं पाणी आणि मीठ. टीएसएच (थायरॉइडचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) आवाक्यात असेल तर नऊ किलोंचा दोष थायरॉइडवर टाकता येणार नाही. गोळी मात्र नीट घ्या: पहाटे उपाशीपोटी पाण्याबरोबर, त्यानंतर किमान अर्धा तास चहा नाही, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी. चहाबरोबर घेतलेली गोळी पुरती शोषली जात नाही, मग टीएसएच चढतो आणि डोस वाढवावा लागतो.

वयाबद्दलचा समजही तपासून घ्या. २०२१ मध्ये सहा हजारांहून अधिक लोकांच्या मोजमापांतून दिसलं की वीस ते साठ या वयात शरीराचा ऊर्जा-खर्च, वजन आणि स्नायूंचा हिशेब धरला तर, जवळपास स्थिर असतो. पाळी जाताना चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, हे खरं.

मग नऊ किलो कुठून आले? शरीराचं गणित असं: रोजच्या खाण्यात सुमारे २४ कॅलरींची कायमची भर पडली की पुढच्या तीनेक वर्षांत वजन एका किलोनं वर जाऊन थांबतं. नऊ किलोंना रोजच्या दोनशे-सव्वादोनशे कॅलरी पुरतात. सोलापूरच्या ताटात त्या सहज लपतात. शेंगा चटणीचे दोन मोठे चमचे, म्हणजे तीस ग्रॅम, घेतले तर १६० कॅलरी. त्यावर दोन छोटे चमचे तेल ओतलं की आणखी नव्वद. ही अडीचशे कॅलरींची चटणी तुमच्या ‘दोन भाकऱ्यां’च्या मोजणीत येतच नाही. १९९२ मधला एक अभ्यास यासाठी महत्त्वाचा आहे. ‘बाराशे कॅलरींच्या आत खातो, तरी वजन उतरत नाही’ असं सांगणाऱ्यांचं खाणं शरीराच्या ऊर्जा-खर्चावरून मोजलं तेव्हा ते सांगितल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट निघालं. ती माणसं खोटं बोलत नव्हती. चमचा, घोट, चव बघणं, मुलांच्या ताटातलं उरलेलं हे कुणालाच आठवत नाही.

घरातलं तेल मोजायची साधी रीत आहे. पाच लिटरचा डबा फोडला की त्यावर तारीख लिहा, संपला की पुन्हा लिहा. चार माणसांत तो तीस दिवस पुरला, तर माणशी रोज सुमारे ४१ मिली, म्हणजे ३४० कॅलरी नुसत्या तेलातून. बैठं काम असणाऱ्याला २० मिली, म्हणजे चार छोटे चमचे पुरतात. तेवढ्यावर आलात तर डबा दोन महिने चालेल. चटणी सोडू नका, चटणीशिवाय भाकरीला मजा नाही. एक सपाट चमचा घ्या, वर तेलाऐवजी दही, आणि कोरडी भाकरी उतरायला पालेभाजी किंवा पातळ आमटी दुप्पट.

वय २१, उंची १७० सेंमी, वजन ४८ किलो. मंगळवेढ्याहून शिकायला आलोय, मेसमध्ये भरपूर जेवतो, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. वजन वाढवायची पावडर घेऊ का?

पावडर नको. खुल्या बाजारातल्या अशा पावडरींत आणि गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे. चेहरा फुगतो, साखर चढते, आणि सोडल्यावर अंगातलं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असल्यानं धोका होतो.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: पहिल्यापासून बारीक आहात की बारीक झालात? न ठरवता सहा महिने-वर्षात वजन पाच टक्क्यांनी उतरलं असेल, म्हणजे साडेपन्नासाचे अठ्ठेचाळीस झाले असतील, तर तपासणी हवीच. दोन आठवड्यांहून जुना खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. क्षयाची तपासणी आणि औषधं तिथे मोफत मिळतात. तहान आणि लघवी वाढली असेल तर साखर, छातीत धडधड आणि हात कापत असतील तर थायरॉइड, वरचेवर जुलाब होत असतील तर आतड्याची तपासणी करा. तुमच्या उंचीला ४८ किलो म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा) १६.६. साडेअठराच्या खाली कमीच, त्यामुळे पहिल्यापासून बारीक असलात तरी एकदा हिमोग्लोबिन, साखर आणि टीएसएच बघून घ्या.

सगळं ठीक निघालं तर हाडच तसं आहे. बारीक माणसाचं ‘भरपूर’ बहुधा एका वेळचं असतं. दुपारी पाच पोळ्या हाणल्या की रात्री भूक नसते, आणि आठवड्याची बेरीज तिथेच येते. म्हणून ताट मोठं न करता वेळा वाढवा. सकाळी म्हशीचं २०० मिली दूध आणि केळं, मिळून तीनशे कॅलरी. अकरा वाजता मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाणे, १७० कॅलरी. वरच्या ताईंना जी चटणी कमी करायला सांगितली तीच तुम्ही तेल घालून खा. गावाहून येताना शेंगा पोळ्या आणा. एका मध्यम पोळीत अडीचशे-तीनशे कॅलरी असतात आणि ती बिघडत नाही. रोज चारशे-पाचशे कॅलरींची भर पुरे. महिन्याला एक किलो वाढलं की बरोबर चाललंय.

नुसतं खाल्लं तर पोट सुटेल आणि दंड काडीच राहतील. आठवड्यातून तीन दिवस तालमीत जा. जोर आणि बैठका दहा-दहाच्या तीन फेऱ्यांपासून सुरू करा, दर आठवड्याला दोन-दोन वाढवा. रोज ७० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतील: दोन अंडी, वाटीभर मटकी, डाळ, दूध, दही यांत बसतात. जेवणाआधीचा चहा बंद करा, भूक तिथेच मरते. मावा किंवा सिगरेट चालू असेल तर तेही एक कारण आहे, निकोटिन भूक दाबतं.

सकाळी गरम पाण्यात लिंबू-मध घेतल्यानं चरबी वितळते का?

नाही. मधाच्या एका चमच्यात वीस कॅलरी असतात, त्याही मोजा.

वय ४५, कपड्याच्या दुकानात गादीवर बसतो. वजन ६१ किलो, उंची १६८. आयुष्यभर सडपातळ. शिबिरात उपाशीपोटी साखर ११८ निघाली. बारीक माणसाला मधुमेह कसा? (नवी पेठ)

आपल्याकडे हे वारंवार दिसतं, आणि सर्वांत जास्त दुर्लक्ष यावरच होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं शेजारीशेजारी उभं राहिलेलं छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काटा सारखा, आतला माल वेगळा. पुण्याच्या भागातली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा सरासरी आठशे ग्रॅमनं हलकी जन्मतात, पण त्यांच्यात स्नायू कमी आणि चरबी त्या मानानं टिकून असते, हेही याज्ञिकांच्या गटानं दाखवलं. तुमचा बीएमआय २१.६ आहे. तो स्नायू किती आणि चरबी कुठे, यातलं काहीच सांगत नाही.

ते कंबर सांगते. पँटचा नंबर धरू नका, पँट पोटाच्या खाली बांधली जाते. सकाळी उपाशीपोटी, शर्ट काढून, पाय वीतभर लांब ठेवून उभे राहा. कडेला शेवटची बरगडी चाचपा, मग कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा. दोन्हींच्या बरोबर मध्ये शिंप्याचा टेप आडवा ठेवा, मागून वर चढलेला नाही ना हे आरशात बघा. नेहमीसारखा श्वास सोडा आणि आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही, टेप आवळायचा नाही. पुरुषाची ९० सेंमीपेक्षा आणि बाईची ८० सेंमीपेक्षा जास्त भरली तर वजन कितीही असो, चरबी पोटात आहे. उंचीच्या निम्मा हा दुसरा माप, तुमच्यासाठी ८४.

शिबिरातल्या एका आकड्यावर थांबू नका. आठ तास उपाशी राहून शिरेतून रक्त देऊन साखर पुन्हा करा, सोबत एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी). उपाशी साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. १२६ किंवा ६.५ पासून मधुमेह. तुम्हाला वजन फारसं उतरवायचं नाही, स्नायू वाढवायचे आहेत. दुपारी आणि रात्री जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, पायांचे स्नायू तेव्हा रक्तातली साखर ओढून घेतात. दुकानात गिऱ्हाईक आलं की कापड स्वतः उठून काढा. आठवड्यातून दोन दिवस बैठका आणि भिंतीला टेकून जोर. ताटात एक भाकरी कमी, त्या जागी उसळ. एचबीए१सी तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये पुन्हा करा. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्याआधी केलेला आकडा जुन्याच दिवसांचा हिशेब देईल.