वडोदऱ्यात पार्करचा क्लास मिळत नाही, घरच्या घरी शिकता येईल का?

अकरावीत आहेस आणि गच्चीवरून उडी मारायला शिकायचंय, असं तू लिहिलंयस. गच्ची आधी डोक्यातून काढ. पार्कर म्हणजे भिंती, कठडे असे अडथळे धावत, उड्या मारत पार करण्याचा व्यायामप्रकार. त्याची सुरुवात जमिनीवर होते आणि सराव बरेच दिवस तिथेच राहतो.

सगळ्यात आधी उतरणं शिक. टाचांवर कधीच आदळायचं नाही. चवड्यांवर उतरायचं, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने वाकवायचे, ते आत झुकू द्यायचे नाहीत. आवाज जितका कमी, तितका धक्का कमी, ही खूण मला फार भरवशाची वाटते. मग कोलांटी. शाळेतली सरळ कोलांटी इथे चालत नाही, कारण मान आणि मणक्यावर भार येतो. एका खांद्यावरून विरुद्ध कमरेकडे तिरकं लोळायचं. हे गवतावर, गुडघे टेकून सुरू कर. कमाटीबागेत सकाळी मोकळी हिरवळ मिळते.

तोल साधायला फुटपाथची कड पुरते. ताकदीसाठी जुम्मादादा व्यायाम मंदिरात चौकशी कर. मल्लखांबाने पकड आणि खांदे जे घडतात, ते पार्करला थेट उपयोगी पडतं.

एकटा सराव करू नकोस आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या कठड्यांवर तर नाहीच.