वाचकांचे प्रश्न : स्पोर्ट्स कारचे सस्पेन्शन आणि घरी केलेले अलाइनमेंट

प्रश्न : माझ्याकडे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-5 आहे. वळणावर तिची मागची बाजू सैल वाटते आणि ब्रेक लावला की स्टीअरिंग एका बाजूला ओढते. व्हील अलाइनमेंट करून आणले की थोडे दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच सुरू होते. बुश (सांध्यांतले रबरी तुकडे), बॉल जॉइंट (सर्व बाजूंना फिरणारे गोल सांधे) आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलून अलाइनमेंटही घरीच करावे, असे मनात आहे. हे काम कोणत्या क्रमाने करावे? दोरा ताणून घेतलेल्या मापांवर विश्वास ठेवता येतो का?

उत्तर : विश्वास ठेवता येतो, मात्र त्याआधी आपले अलाइनमेंट टिकत का नाही, हे समजून घ्यायला हवे. अलाइनमेंटची म्हणजे चाकांच्या कोनांची मापे गाडी उभी असताना घेतलेली असतात. बुशमधले रबर फाटले असेल, तर ब्रेक लावताच आर्म (चाक चेसिसला जोडणारा दांडा) मागे सरकतो, चाकाची दिशा बदलते आणि मशीनने दाखवलेला आकडा रस्त्यावर उरतच नाही. अशा गाडीचे अलाइनमेंट कितीही वेळा केले, तरी ते त्या क्षणापुरतेच असते. म्हणून आधी झिजलेले भाग बदलावेत, मग गाडी बसू द्यावी आणि शेवटी मापे घ्यावीत.

झीज शोधण्यासाठी चाक उचलून वर-खाली धरून हलवावे. त्यात प्ले म्हणजे ढिलेपणा जाणवला, तर दोष बॉल जॉइंटचा किंवा व्हील बेअरिंगचा असतो. दुसऱ्या कोणाला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवावे. प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग पाहावे आणि राहिला तर बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे हलवताना जाणवणारा प्ले बहुधा टाय रॉडच्या (स्टीअरिंगने चाक वळवणाऱ्या दांड्याच्या) टोकाचा असतो. बुश मात्र हाताने कळत नाहीत. पहार लावून आर्म ढकलावा आणि रबर धातूच्या नळीपासून सुटले आहे का, ते पाहावे. शॉकवर तेलाचा पुसट थर असेल तर काळजीचे कारण नाही, पण तेल ओघळत असेल तर तो बदलावाच. बॉनेट दाबून गाडी किती हिंदकळते हे पाहण्याच्या चाचणीत पुरते निकामी झालेले शॉकच तेवढे सापडतात.

गाडी केवळ जॅकवर असताना तिच्याखाली जाऊ नये. सपाट, कठीण जमिनीवर जॅक स्टँड लावूनच काम करावे. स्प्रिंगबाबतही तितकेच दक्ष राहावे, कारण स्प्रिंग कॉम्प्रेसरने पूर्ण आवळून तिचा ताण वरच्या बैठकीवरून निघाला आहे याची खात्री होईपर्यंत शॉकच्या वरचा मधला नट सोडणे जिवावर बेतू शकते.

आपल्या गाडीच्या चारही चाकांना दुहेरी विशबोन (वर एक आणि खाली एक आर्म) आहेत आणि खालच्या आर्मच्या आतल्या टोकाला विकेंद्री म्हणजे कॅम बोल्ट आहेत. अलाइनमेंटचे बहुतेक कोन या बोल्टनीच बदलतात. ते खोलण्याआधी कॅमची मूळ जागा रंगाने खूण करून ठेवावी, म्हणजे जोडणीनंतर गाडी निदान चालवण्याजोगी राहील. जुन्या गाड्यांत हे बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून घट्ट बसलेले असतात. त्यांच्यावर आधीपासूनच गंज सोडवणारे तेल मारत राहावे. जोर लावून फिरवू नयेत, कारण कॅमला दिशा देणारे चेसिसवरचे कान वाकले तर दुरुस्ती फार अवघड होते. बोल्ट हलतच नसेल, तर बुश आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या फटीत पाते घालून तो कापणे हाच शहाणा मार्ग असतो. त्यासाठी नवे बोल्ट आधीच आणून ठेवावेत आणि बसवताना त्यांना गंजरोधक ग्रीस लावावे.

आता या कामातली सर्वांत जास्त वेळा होणारी चूक पाहू. रबरी बुशची बाहेरची नळी आर्ममध्ये दाबून बसवलेली असते आणि आतली नळी बोल्टने चेसिसला आवळली जाते. आर्म वर-खाली होतो, तेव्हा कुठलाही भाग घसरून फिरत नाही, मधले रबरच पिळले जाते. चाके लोंबत असताना बोल्ट पूर्ण आवळले, तर गाडी जमिनीवर येताच प्रत्येक बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहतो. त्यामुळे गाडी थोडी उंच बसते आणि नवे रबर अकाली फाटते. हे टाळण्यासाठी काम सुरू करण्यापूर्वी, गाडी जमिनीवर असताना, प्रत्येक चाकाच्या केंद्रापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर नोंदवून ठेवावे. जोडणी करताना बोल्ट हलकेच लावावेत, हबखाली (चाक ज्यावर बसते त्या मध्यभागाखाली) जॅक लावून तेच अंतर येईपर्यंत आर्म उचलावा आणि मग टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याइतके आवळावेत. स्प्रिंगही बदलल्या असतील, तर जुने अंतर न धरता गाडी चाकांवर उभी करूनच हे आवळणे करावे. खालच्या आर्मचे कॅम बोल्ट अलाइनमेंटच्या वेळी पुन्हा सैल होतातच, त्यामुळे विसरले जातात ते वरच्या आर्मचे बोल्ट. नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले) नट मात्र पुन्हा वापरू नयेत.

जोडणीनंतर गाडी थोडी चालवून आणावी, टायरमधली हवा ठरलेल्या दाबाइतकी करावी आणि चालकाच्या आसनावर त्याच्या वजनाइतका भार ठेवावा. पुढचा प्रश्न जमिनीचा. गवंडी वापरतात तशा पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने चारही टायरखालच्या जागा समपातळीत आहेत का, ते तपासावे. दोन चाकांमधले अंतर 1500 मिमी असेल, तर एका बाजूचा 5 मिमी उतार कॅम्बरच्या (समोरून पाहता चाकाच्या उभ्या कलाच्या) मापात जवळपास 0.2 अंशाची चूक आणतो. सखल जागी पातळ फरश्या घालून हा फरक भरून काढता येतो. प्रत्येक टायरखाली, मध्ये ग्रीस लावलेले दोन गुळगुळीत पत्रे ठेवावेत, म्हणजे कोन बदलताना टायर जमिनीला न अडखळता सरकेल.

दोऱ्यासाठी तंगूस उत्तम, कारण तो ताणला की झोळ पडत नाही. दोन सरळ पाइपांवर नेमक्या सारख्या अंतरावर खाचा पाडाव्यात. एक पाइप गाडीपुढे आणि एक मागे, हबच्या उंचीवर ठेवून दोन्ही बाजूंनी तंगूस ताणावा. खाचांमधले अंतर सारखे असल्यामुळे दोन्ही दोरे आपोआप समांतर होतात. मग पाइप सरकवत पुढच्या दोन हबपासून दोऱ्यांचे अंतर डावी-उजवीकडे सारखे करावे आणि मागेही तसेच करावे. अनेक जण इथे एकाच बाजूच्या पुढच्या आणि मागच्या हबपासून दोरा सारख्या अंतरावर ठेवतात. पुढच्या दोन चाकांमधले आणि मागच्या दोन चाकांमधले अंतर बहुधा सारखे नसते, म्हणून असा दोरा तिरका बसतो आणि त्यावरून काढलेले प्रत्येक माप चुकते.

दोऱ्यापासून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचे अंतर पोलादी पट्टीने मोजावे. टो म्हणजे वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेले असणे. पुढची कडा दोऱ्यापासून अधिक दूर असेल, तर तो टो-इन, जवळ असेल तर टो-आउट. दोन कडांमध्ये 450 मिमी अंतर असेल, तर 1 मिमी फरक म्हणजे सुमारे 0.13 अंश, अर्थात 7 ते 8 मिनिटे. रिम किंचित वाकडी असण्याची शक्यता धरून गाडी ढकलून चाक अर्धा फेरा फिरवावे, पुन्हा मोजावे आणि सरासरी घ्यावी. कॅम्बरसाठी डिजिटल कोनमापक सोयीचा असतो, पण ओळंब्यानेही काम भागते. 450 मिमी उंचीत सुमारे 8 मिमी झुकाव म्हणजे 1 अंश. कास्टरसाठी (बाजूने पाहता चाक ज्या अक्षावर वळते त्याच्या कलासाठी) पुढचे चाक 20 अंश एका बाजूला आणि मग 20 अंश दुसऱ्या बाजूला वळवून कॅम्बर मोजावा. या दोन मापांमधल्या फरकाची सुमारे दीडपट म्हणजे कास्टर.

कोन जुळवताना मागची चाके आधी घ्यावीत, कारण गाडी कोणत्या दिशेने ढकलली जाणार, हे तीच ठरवतात. कॅम्बर बदलला की टोही बदलतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी कॅम्बर आधी आणि टो नंतर. पुढे कास्टर आणि कॅम्बर एकत्र जुळवावेत आणि स्टीअरिंग सरळ बांधून ठेवून टो सर्वांत शेवटी करावा. सगळे झाल्यावर गाडी पुढे-मागे करून पुन्हा जागेवर आणावी, दोरे नव्याने लावावेत आणि पुन्हा मोजावे. आकडे अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळले, तर ते खरे मानण्यास हरकत नाही.

प्रश्न : रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश बसवावेत का?

उत्तर : रोजच्या वापराच्या गाडीत मी नवे रबरीच बुश बसवीन. पॉलियुरेथेन कडक असल्याने स्टीअरिंगचा प्रतिसाद नेमका मिळतो, पण ते आतल्या नळीवर घसरून फिरते, म्हणून त्याला योग्य ग्रीस हवे आणि ते सुकले की कुरकुर सुरू होते. ज्या मागच्या आर्मना एकाच वेळी अनेक दिशांनी कलावे लागते, तिथे कडक बुश सस्पेन्शनची हालचालच अडवतो. ट्रॅकवर जास्त धावणाऱ्या गाडीत ही तडजोड पटण्यासारखी असते.

प्रश्न : अलाइनमेंटनंतर गाडी सरळ धावते, पण स्टीअरिंग व्हील थोडे तिरके राहते. ते काढून सरळ बसवावे का?

उत्तर : नाही. मागचा टो डावी-उजवीकडे सारखा नसेल, तर गाडी तिरपी ढकलली जाते आणि तिला सरळ ठेवण्यासाठी पुढची चाके किंचित वळलेली राहतात. म्हणून आधी मागचे माप तपासावे. ते बरोबर असेल, तर एक टाय रॉड जितका लांब कराल, तितकाच दुसरा आखूड करावा. असे केल्याने एकूण टो बदलत नाही आणि स्टीअरिंग मध्यावर येते.

प्रश्न : कारखान्याचे आकडे ठेवावेत की ट्रॅकवाल्यांचे?

उत्तर : सुरुवात कारखान्याच्या आकड्यांपासून करावी आणि एका वेळी एकच कोन बदलावा. पुढे थोडा अधिक ऋण कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला) दिल्यास वळणात बाहेरच्या टायरची पकड वाढते. केवळ सरळ रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत मात्र त्याने टायरची आतली कडा लवकर झिजते आणि पुढे टो-आउट असेल तर ती झीज झपाट्याने वाढते. मागच्या चाकांना रस्त्यावर टो-आउट देऊ नये, कारण जोरात ब्रेक लावताना किंवा वळणात अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यास मागची बाजू सुटू शकते.

प्रश्न : माझी गाडी नवी असून तिला लेन ओळखणारा कॅमेरा आहे. तिचेही घरी करता येईल का?

उत्तर : यांत्रिक काम घरी करता येते. मात्र मागचा टो बदलला की गाडीची धावण्याची रेषा बदलते, त्यामुळे स्टीअरिंग अँगल सेन्सर, कॅमेरा आणि असल्यास रडार यांचे कॅलिब्रेशन उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने आणि उपकरणांनी करून घ्यावे लागते. ते होईपर्यंत लेन सांभाळणारी यंत्रणा बंद ठेवावी.