जानेवारीत ठरवलेली बचत जूनमध्ये का मोडते?

प्रश्न : महिना ३२ हजार रुपये पगार हातात येतो. दर जानेवारीत पाच हजारांची आरडी (दरमहा ठरलेला हप्ता भरायची आवर्ती ठेव) सुरू करतो आणि जूनमध्ये ती मोडावी लागते. कुठे चुकतं?
– खासगी नोकरदार, कोल्हापूर

उत्तर : हप्ता ठरवताना तुम्ही महिन्याचा खर्च धरला, वर्षाचा धरला नाही. वर्षातून एकदाच येणारे खर्च आधी महिन्यांच्या क्रमाने लिहून काढा. तुमचे आकडे पत्रात नाहीत, म्हणून नमुन्यादाखल असे धरू : मार्चमध्ये आरोग्यविम्याचा हप्ता १२ हजार, मेमध्ये लग्नांचे आहेर आणि प्रवास ६ हजार, जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश १४ हजार, सप्टेंबरमध्ये दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंग ४ हजार, दिवाळीला १२ हजार. एकूण ४८ हजार, म्हणजे महिना ४ हजार. तुमच्या पाच हजारांपैकी चार हजार आधीच खर्चाच्या नावावर आहेत. खरी बचत एक हजाराचीच.

पण बाराने भागून काम संपत नाही. जानेवारीपासून चार-चार हजार टाकले तर मार्चचा विमा भरल्यावर शिल्लक शून्य. मेअखेर दोन हजार उरतात, त्यात जूनचे चार मिळवून सहा होतात आणि समोर खर्च चौदाचा. आठ हजार कमी पडतात, आणि हाताशी असते ती आरडीच. म्हणून पहिले सहा महिने आरडी सुरूच करू नका. जानेवारी ते जून दरमहा ५,४०० रुपये वेगळ्या बचत खात्यात टाका. त्यातून विमा, आहेर, शाळा सगळं भागून जूनअखेर ४०० रुपये उरतील. जुलैपासून या खात्यात ४ हजार आणि एक हजाराची आरडी सुरू करा. दुचाकी आणि दिवाळीचे १६ हजार देऊनही डिसेंबरअखेर खात्यात ८,४०० राहतात, म्हणजे पुढच्या जूनची तूट आधीच भरलेली असते. पगारवाढ झाली की वाढवायची ती आरडी.

हे खाते पगाराच्या खात्यापासून वेगळं हवं, त्याला यूपीआय जोडू नका. किमान शिल्लक किती लागते ते आधी विचारून घ्या; पोस्टाच्या बचत खात्यात ५०० रुपये ठेवावे लागतात. पैसे आपोआप वळते व्हायची तारीख पगार उशिरात उशिरा ज्या दिवशी येतो त्यानंतर दोन दिवसांची द्या. पगाराआधीची तारीख दिली आणि शिल्लक नसली तर हप्ता परत जातो, वर दंडही बसू शकतो.

प्रश्न : दोन वर्षांनी मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी एक लाख हवेत. पोस्टाची आरडी बरी की बँकेची?
– शिक्षिका, सातारा

उत्तर : बँकेची, २४ महिन्यांची. पोस्टाची आरडी पाच वर्षांचीच असते. ती मुदतीआधी बंद करायची तर तीन वर्षं पूर्ण व्हावी लागतात आणि तेव्हाही व्याज साध्या बचत खात्याच्या दराने मिळतं. तुमची तारीख त्याआधी येते.

साडेसहा टक्के दर धरला तर महिना ३,९०० रुपयांत लाख होतात. दर अर्ध्या टक्क्याने जास्त मिळाला तर दोन वर्षांत फरक सुमारे ५२० रुपयांचा. एक हप्ता चुकला तर ३,९०० कमी. म्हणून अर्ध्या टक्क्यासाठी बँक शोधत फिरण्यापेक्षा हप्ता न चुकण्याची सोय करा. प्रवेशाची फी ज्या महिन्यात भरायची, त्याच्या आदल्या महिन्यात मुदत संपेल असं बघा.

प्रश्न : आमची बारा जणींची दोन हजारांची भिशी आहे. हीच बचत समजायची का? शिवाय पतसंस्थेत पिग्मी (रोज थोडे-थोडे पैसे भरायची ठेव) भरावी असंही घरचे म्हणतात.
– गृहिणी, इचलकरंजी

उत्तर : चिठ्ठीच्या भिशीत व्याज नसतं. ज्या बाईला पहिली भिशी लागते तिला २४ हजार बिनव्याजी उसने मिळतात, शेवटचीला फक्त स्वतःचे पैसे परत. तरीही भिशी पैसे साठवून देते, कारण मैत्रिणींसमोर हप्ता चुकवायची लाज वाटते. ही ताकद कमी लेखू नका. मात्र खर्चाची तारीख ठरलेली असेल तर चिठ्ठीवर विसंबू नका. सुरुवातीलाच क्रम ठरवून घ्या आणि तुमचा नंबर त्या महिन्याच्या आधीचा मागा.

लिलावाची भिशी वेगळी; जो सर्वांत कमी रक्कम घ्यायला तयार होतो, तो ती उचलतो. २४ हजारांची भिशी कुणी २० हजारांत उचलली तर सुटलेले चार हजार सगळ्यांत वाटले जातात. लवकर उचलणाऱ्याला ते कर्ज फार महाग पडतं, आणि तोच पुढे हप्ते थांबवण्याची भीती जास्त असते. घरगुती भिशी १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली नोंदलेली नसते, त्यामुळे ती बुडाली तर दाद मागणं अवघड जातं. हप्ते ऑनलाइन द्या, वहीवर सह्या घ्या, आणि शाळेच्या फीचे पैसे तरी त्यात अडकवू नका.

पतसंस्थेबद्दल एक गोष्ट नक्की समजून घ्या. बँकेत, सहकारी बँकेतही, प्रत्येक ठेवीदाराच्या मुद्दल-व्याजाला मिळून पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. दारात येऊन पैसे नेण्याची सोय मोठी आहे, पण महिनाअखेर जमलेली रक्कम बँकेत हलवता येईल का, हे आधी विचारा.

प्रश्न : रिक्षा चालवतो. उत्पन्नाचा भरवसा नाही. ठरलेला हप्ता कसा भरणार?
– रिक्षाचालक, ठाणे

उत्तर : ठरलेला हप्ता घेऊच नका. पोस्टाच्या आरडीत हप्ता चुकला की शंभराला महिना एक रुपया दंड आणि सलग चार चुकले की खातं खंडित. त्याऐवजी मागच्या वर्षातले सर्वांत कमी कमाईचे तीन महिने काढा. गॅस आणि दुरुस्ती वजा जाता त्यांची सरासरी, समजा, १८ हजार आली तर तोच तुमचा पगार. सगळी कमाई एका खात्यात, रोख असेल तर आठवड्याला भरा. एक तारखेला १८ हजार घरखर्चाच्या खात्यात पाठवा. पहिल्या खात्यात ३६ हजार साठेपर्यंत त्याला हात लावू नका. पाऊस, आजारपण, इंजिनचं काम यासाठी ते आहेत. त्यानंतर दर वेळी पाच हजार वर जमले की पाच हजारांची एक वेगळी एफडी (मुदत ठेव) करा. अडचण आली तर एकच मोडते, बाकीच्यांचं व्याज चालू राहतं.

प्रश्न : पीपीएफमध्ये (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत) वर्षाचे पैसे कधी भरावेत?
– वाचक, नाशिक

उत्तर : व्याज पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात. दरमहा भरत असाल तर पाच तारखेच्या आत, एकदम भरत असाल तर पाच एप्रिलच्या आत. ३१ मार्चला भरले तर वर्षभराचं व्याज जातं. मात्र त्यातली रक्कम सातव्या आर्थिक वर्षाआधी काढता येत नाही, म्हणून जूनच्या फीचे पैसे बाजूला काढून मगच भरा.